जादा काडतुसांचा हिशेब

शस्त्रांच्या इतिहासावरील पुस्तकांत तलवारींची पाती, तोफांची नावे आणि पिस्तुलांची चित्रे भरपूर आढळतात. त्या शस्त्रांत भरायचा माल कोठून येई, किती दिवस टिके आणि संपल्यावर काय होई, याविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही. वास्तविक बंदूक ही नीट राखली तर शंभर वर्षे टिकणारी वस्तू आहे. काडतूस एकदाच कामाला येते. अशा जोडीत खरी सत्ता खर्चून जाणाऱ्या वस्तूकडे असते. घरात कंदील आहे पण रॉकेल नाही, म्हणजे काय होते हे आपल्या खेड्यांना सांगायला नको.

स्वसंरक्षणासाठी जो माणूस अंगावर पिस्तूल लपवून बाळगतो, त्याच्यापुढे हा प्रश्न फार नेमकेपणाने उभा राहतो. पिस्तुलात सहा-सात गोळ्या मावतात. सोबत आणखी किती ठेवायच्या? आणि त्या आणायच्या कोठून? वरवर पाहता हा खिशाच्या मापाचा प्रश्न वाटतो. पण त्याचा माग काढू लागलो की रसायन, धातुविज्ञान, कायदा आणि आपल्या मराठवाड्याचा १९४७-४८ चा इतिहास हे सारे एका धाग्यात येते. हाच धागा आपण या लेखात निलंगा-उदगीर परिसरापासून धरू.

दारू गावात होत होती

निलंग्याच्या एका बाजूस औशाचा भुईकोट किल्ला आहे आणि दुसऱ्या बाजूस उदगीरचा. १७६० च्या फेब्रुवारीत याच पट्ट्यात सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाच्या सैन्याला जेरीस आणले. पाठ्यपुस्तकात ही उदगीरची लढाई म्हणून येते. त्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारदी होता. त्याच्या कवायती पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या, पण तेव्हाच्या बऱ्याच लोकांच्या हाती तोड्याचीच बंदूक असे.

तोड्याची बंदूक भरण्याची रीत अशी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधी आणि शिशाची गोळी घालायची, गजाने ठासायची, कान्याजवळ थोडी बारीक दारू म्हणजे रंजक ठेवायची आणि मग पेटता तोडा चापाने खाली आणायचा. एका बाराला अर्धा मिनिट तरी जाई. या बंदुकीच्या जादा दारूगोळ्याचा साठा म्हणजे कमरेचे शिंगडे आणि गोळ्यांची पिशवी. शिशाची गोळी घरच्या चुलीवर साच्यात ओतता येई.

दारूचे घटक तीन : सोरा, गंधक आणि कोळसा. त्यांत सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा. कोळसा व गंधक हे जळणारे पदार्थ. सोरा जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन पुरवतो. बंद नळीत बाहेरची हवा मिळत नसतानाही दारू पेटते ती यामुळे. हा सोरा येई तो जुन्या भिंतींच्या पायथ्याच्या आणि गोठ्यांतल्या खारट मातीतून. जनावरांच्या मूत्रातील नत्रापासून आधी अमोनिया बनतो, मातीतले जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ती माती पाण्यात खळबळून, गाळून, राखेबरोबर आटवली की सोऱ्याचे स्फटिक मिळतात. जीवाणूंची ही करामत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडली; सोरा काढणारे लोक मात्र ती कित्येक शतके वापरत आले होते.

म्हणजे गंधक बाजारातून आणले की बाकीचा दारूगोळा गावाच्या शिवारातच तयार होई. त्याचा शत्रू एकच, ओल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा आणि दारूगोळ्याला वेळोवेळी ऊन दाखवावे, अशा अर्थाच्या सूचना आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या राजनीतिज्ञाला शस्त्रापेक्षा साठ्याची काळजी अधिक होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

(दारूचे घटक वर्गात सांगावेत, ती बनवण्याचा प्रयोग मात्र कोणत्याही शाळेत करू नये. घर्षणाने किंवा ठिणगीने ती हातातच पेटू शकते.)

शस्त्र खिशात गेले

तोड्याची बंदूक लपवून बाळगता येत नसे, कारण जळता तोडा खिशात ठेवता येत नाही. लपवता येणारे शस्त्र निघाले ते युरोपात, सोळाव्या शतकाच्या आरंभी. दातेरी पोलादी चाक स्प्रिंगने फिरवून त्यावर गार घासली की ठिणगी पडे. आता शस्त्र भरून, झग्याखाली दडवून, हवे तेव्हा काढता येऊ लागले. याचा परिणाम काय व्हावा? १५१७ साली सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने ऑस्ट्रियात अशा आपोआप पेटणाऱ्या हातबंदुकांवर बंदी घातली. लपवता येणारे पिस्तूल आणि त्यावर बंदी घालणारा कायदा यांचे वय जवळजवळ सारखे आहे.

पण या पिस्तुलातून एकच बार निघे. दुसरा हवा तर दुसरे पिस्तूल बाळगावे लागे. हा पेच सुटायला तीनशे वर्षे लागली आणि तो सोडवला रसायनाने. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या फल्मिनेटचे गुणधर्म प्रसिद्ध केले. हा पदार्थ नुसत्या ठोक्याने पेटतो. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ठोक्याने पेटणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तांब्याच्या इवल्याशा टोपीत हा पदार्थ भरण्याची रीत रूढ झाली. आपल्याकडे टोपीची बंदूक म्हणतात ती हीच.

१८३६ साली सॅम्युएल कोल्टने अमेरिकेत फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलाचे, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. पाच बार लागोपाठ निघू लागले, पण पाच कोठ्या पुन्हा भरायला काही मिनिटे जात. म्हणून गिऱ्हाइकाला जादा कोठीचक्रही विकत मिळे. आधीच भरून ठेवलेले चक्र खिशात ठेवायचे, रिकामे काढून ते बसवायचे. लपवलेल्या पिस्तुलाबरोबर जादा दारूगोळा बाळगण्याची आजची कल्पना येथे प्रथम स्पष्ट दिसते.

यापुढची पायरी म्हणजे गोळी, दारू आणि टोपी एकाच पितळी किंवा तांब्याच्या नळीत बसवणे. १८५७ साली स्मिथ आणि वेसन या जोडीने अशा काडतुसांचे सात बारांचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. गंमत अशी की, त्याच वर्षी आपल्याकडे काडतुसावरूनच आग भडकली होती. एन्फिल्ड बंदुकीचे ते काडतूस कागदी होते. त्याचा चरबी लावलेला कागद दातांनी फोडावा लागे, आणि चरबी कशाची हा संशय शिपायांच्या मनात घर करून बसला. काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. वस्तूही बाहेरूनच येत राहिल्या, आणि हेच पुढे महत्त्वाचे ठरले.

शतकाच्या शेवटी जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या रचनेवरून बेल्जियममध्ये स्वयंभरणी पिस्तुले तयार होऊ लागली. त्यांच्या १९०० सालच्या नमुन्यात मुठीतल्या पेटीमध्ये, म्हणजे मॅगझिनमध्ये, सात काडतुसे बसत. एक बार झाला की त्याच्याच धक्क्याने रिकामी नळी बाहेर पडे आणि पुढचे काडतूस वर येई. सगळी संपली की रिकामी पेटी काढून भरलेली घालायची. या जातीचे ७.६५ मिलिमीटर मापाचे काडतूस आठ ग्रॅमांहून थोडे हलके भरते. सात काडतुसांचे वजन पन्नास-पंचावन्न ग्रॅम. शिंगडे आणि पिशवी आता खिशाच्या कोपऱ्यात मावू लागली.

जादा पेटी जवळ ठेवण्यामागे केवळ संख्येचा विचार नसतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस पेटले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढची कोठी समोर येते. स्वयंभरणी पिस्तुलात मात्र न पेटलेले काडतूस सारे यंत्र अडवून बसते. शिवाय पेटीच्या पत्र्याच्या कडा किंचित वाकल्या किंवा स्प्रिंग सैल झाली तरी भरणी अडते. पेटी हा त्या यंत्राचा सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून जाणकार दुसरी पेटी बाळगतात. सायकलवाल्याने पंक्चरचे सामान जवळ ठेवावे तसे हे आहे.

पेटीच्या दुहेरी तळातून

या नव्या शस्त्राचा मराठी मुलखातील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात झालेला कलेक्टर जॅक्सन यांचा वध. त्या रात्री तेथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे हा मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, पण शिक्षणासाठी औरंगाबादला राहिलेला, म्हणजे निजामाच्या मराठवाड्यात वाढलेला तरुण. त्याच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होते.

ते आले कसे? १९०९ च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि त्यांची काडतुसे पाठवली. इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून मुंबईला आणली. येथे आपल्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द ‘आणि काडतुसे’ हा आहे. नुसती पिस्तुले पाठवली असती तर ती निरुपयोगी ठरली असती, कारण त्या मापाचे काडतूस नाशिकच्या बाजारात गुपचूप मिळणारे नव्हते. वीस पिस्तुले एकेकदा भरायची तरी, सातच्या हिशेबाने, एकशेचाळीस काडतुसे लागतात. संपली की पुन्हा लंडन गाठा. पुढे अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि शस्त्रे पाठवल्याच्या त्या पुराव्याने सावरकरांवरील खटल्याला बळ आले. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

चंद्रशेखर आझादांची हकिगत विद्यार्थ्यांना ठाऊक असते. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात पोलिसांनी वेढल्यावर त्यांनी अखेरची गोळी स्वतःसाठी राखली, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांचे कोल्ट पिस्तूल तेथील संग्रहालयात आजही आहे. शौर्याच्या या कथेच्या पोटात एक साधे गणित आहे. एका बाजूला मोजकी काडतुसे होती. दुसऱ्या बाजूला मागून माणसे आणि दारूगोळा येत राहील अशी सरकारी व्यवस्था होती. पिस्तूल कितीही चांगले असले तरी या गणितात फरक पडत नाही.

काडतूस गावात का होत नाही?

ठासणीच्या बंदुकीची दारू गावात होई, मग काडतूस का होऊ नये? त्याचे घटक एकेक करून पाहू.

पहिला घटक टोपी. तिच्यातील स्फोटक पदार्थ बनवताना कारखान्यांतही अपघात होतात. घरी तो करू पाहणारा बहुधा बोटे गमावतो. दुसरा घटक धूर न करणारी दारू. १८४६ साली शॉनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस बनवला, आणि १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने त्यापासून बंदुकीला चालेल अशी शिस्तीने जळणारी दारू तयार केली. तीव्र आम्ले, तापमानावर ताबा आणि शुद्धता ही कारखान्याची कामे आहेत. तिसरा घटक पितळी नळी. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पत्र्यातून ती टप्प्याटप्प्याने ओढून काढावी लागते. मापात केसाएवढा फरक पडला तरी ती कोठीत अडकते किंवा फुटते. इंग्रजांनी पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली काढला तो याच गरजेपोटी. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत मोडतो.

बरे, बनवता आले नाही तर आणून साठवून ठेवावे, असे कोणी म्हणेल. येथे धातुविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे, आणि तो हिंदुस्थानातच मिळालेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेच्या लक्षात आले की पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांना आपोआप तडे जातात. ते पावसाच्या मोसमात पडत म्हणून त्यांना ‘मोसमी तडे’ असे नाव पडले. कारण नीट उलगडले १९२१ साली. नळी ओढून काढताना धातूत ताण दडून राहतो. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर नेमका त्या ताणाच्या रेषांवर हल्ला करतो, आणि नळी चिरते. नळी बनवताना ती योग्य तापमानाला तापवून दडलेला ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय.

आता खेड्यात काडतुसे लपवायला सोयीची जागा कोणती? गोठा. ज्या गोठ्यातल्या मातीने पूर्वी दारूसाठी सोरा दिला, त्याच गोठ्यातली हवा पितळी काडतूस नासवते. दोन्हींच्या मुळाशी अमोनियाच आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातला चाळीस अंशांपुढचा उकाडा दारूचे आणि टोपीचे आयुष्य आणखी घटवतो ते वेगळेच. म्हणजे काडतूस गावात बनत नाही आणि लपवले तर फार दिवस भरवशाचे राहत नाही. मात्र ते मोजता येते, अगदी एकेक. कायद्याने धरले ते नेमके हेच.

१८७८ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या पाहिली की हे कळते. बंदुकीच्या गारा, टोप्या, बार ठासण्याच्या चकत्या, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे हे सारे त्या व्याख्येत आहे. शिसे, गंधक आणि सोरा यांना मात्र तीतून स्पष्टपणे वगळले आहे. शेतकरी, वैदू, कासार, आतषबाजीवाले यांच्या घरोघर असणारा कच्चा माल मोजणे सरकारला शक्य नव्हते. पण कारखान्यातून येणारी टोपी मोजता येत होती, आणि तेवढे पुरेसे होते.

१९४७-४८ : निलंगा परिसरातले गणित

आता आपल्या भागाकडे परत येऊ. निलंगा तालुका त्या काळी हैदराबाद संस्थानच्या बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उदगीर व अहमदपूरबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेला. रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा. १५ ऑगस्ट १९४७ नंतर संस्थान भारतात विलीन होण्यास तयार नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला, आणि गावोगाव रझाकारांच्या टोळ्यांची दहशत पसरली.

शस्त्रांच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडची स्थिती शिकण्यासारखी आहे. रझाकारांपैकी काहींकडे आधुनिक बंदुका होत्या. बहुसंख्यांच्या हाती ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि भाले होते. संस्थानाभोवती भारताचा वेढा होता, त्यामुळे निजाम सरकारलाही दारूगोळा बाहेरूनच आणावा लागे. १९४८ साली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमानांनी शस्त्रे संस्थानात पोचवली ती याच कारणाने. राजालाही काडतुसासाठी परक्या विमानाची वाट पाहावी लागत होती.

लढणाऱ्या कार्यकर्त्यांची अडचण तर उघडच होती. संस्थानाच्या सीमेवर करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके होते. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड अशा सीमेबाहेरच्या ठिकाणांहून येणारे प्रत्येक पिस्तूल आणि प्रत्येक काडतूस त्या नाक्यांना चुकवून आणावे लागे. मोठे शस्त्र लपत नाही, म्हणून लहान. आणि लहान शस्त्राच्या पोटात बार थोडे. नाके हे लढ्यातील हल्ल्यांचे एक मुख्य लक्ष्य झाले यात नवल नाही. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली आणि ती रक्कम लढ्याच्या कामी आली. तिचा हिशेब पुढे रीतसर देण्यात आला, ही गोष्ट मराठवाड्यात अजून आदराने सांगितली जाते.

पण सामान्य गावकऱ्याचे काय? समजा, एखाद्या घरी चोरून आणलेले पिस्तूल आहे आणि सात काडतुसे आहेत. समोर शंभर-दीडशेंचा हत्यारबंद जमाव आहे. सात बार म्हणजे पहिल्या मिनिटाचा धाक. आणखी सात जवळ असली तर दोन मिनिटांचा. तेवढ्या वेळात बाहेरून मदत येणार असेल तर त्या दोन मिनिटांना मोल आहे. येणार नसेल तर हल्लेखोरांचा राग मात्र वाढलेला असतो. म्हणून गावांनी जे उपाय केले ते बहुतेक बिनकाडतुसाचे होते : रात्रीचे पहारे, गढीचा आसरा, गोफणी आणि भाले, शेजारगावांना आगाऊ वर्दी, आणि सारेच अशक्य झाले की बायकामुलांसह सीमेपलीकडे निघून जाणे. हजारो कुटुंबांनी हा शेवटचा मार्ग धरला.

शहरातही निःशस्त्र माणूसच आधी बळी पडला. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध व विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून आलेल्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ ला त्याच्या सेनापतीने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. रझाकारांची दहशत पाच दिवसांत संपली, कारण तिच्यामागचा पुरवठा आणि आधार संपला होता.

या इतिहासाचे पुढचे पान वर्गात सहसा वाचले जात नाही, पण ते वाचलेच पाहिजे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत सूडाच्या लाटेत मोठ्या संख्येने मुसलमान नागरिक मारले गेले. त्यांतील बहुतेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सरकारने पाठवलेल्या सद्भावना मंडळाने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात दौरा केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सत्तावीस ते चाळीस हजार माणसे दगावली, आणि सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना बसली. लातूरचा त्यात वेगळा उल्लेख आहे. या आकड्यांबद्दल वाद आहेत, आणि अहवालही अनेक दशके लोकांसमोर आला नव्हता. पण शस्त्रे व काडतुसे कोणाकडे आहेत हे बदलताच भय कोणी बाळगायचे तेही बदलले, ही गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवाची पर्वा न करता वाचवले. एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण करताना प्राणही गमावले. त्यांच्या हाती काय होते याचा तपशील इतिहासाने ठेवलेला नाही. काडतुसे मात्र नक्कीच पुरेशी नव्हती.

आजचा परवाना

स्वतंत्र भारतात १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. शस्त्र आणि दारूगोळा दोन्हींसाठी परवाना लागतो. परवान्यात एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षात किती घेता येतील याचे आकडे भरलेले असतात. .३०३ आणि ९ मिलिमीटर यांसारखी लष्करी मापे नागरिकांसाठी निषिद्ध आहेत, म्हणून परवानाधारकाकडे बहुधा .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर दिसते. सरकारी कारखान्यात बनणाऱ्या त्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसे बसतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि लग्नावरातीत हवेत बार काढणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. परवान्याच्या आकड्याबाहेरचे एकच काडतूस खिशात सापडले तरी तो गुन्हा होतो, मग पिस्तूल जवळ असो वा नसो.

काहींना हा जाच वाटतो. स्वसंरक्षण हा माणसाचा हक्क आहे, मग काडतुसे मोजायची कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न गैर नाही, आणि संकटातल्या माणसाला तो सुचणारच. पण आपण वर जो इतिहास पाहिला तो असे सांगतो की, खाजगी वाटणारे हे शस्त्र कधीच पूर्ण खाजगी नव्हते. त्याच्या मागे खडकीचा, बेल्जियमचा किंवा कराचीहून येणाऱ्या विमानाचा धागा होता. तो धागा कोणाच्या हाती आहे यावरून शस्त्राची बाजू ठरत गेली. तो कायद्याच्या हाती, मोजून आणि नोंदवून राहावा, आणि कायदा सर्वांना सारखा असावा, यातच ज्याच्याकडे पिस्तूल नाही अशा बहुसंख्यांचे संरक्षण आहे. १९४८ मध्ये निलंग्यापासून नांदेडपर्यंत दोन्ही समाजांतील अशा माणसांनी याची किंमत आळीपाळीने मोजली.

शिक्षकांना हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. उदगीर किंवा औशाच्या किल्ल्यात सहल नेली तर तोफांबरोबर दारूखान्याची जागाही शोधायला सांगावी आणि ती तेथेच का, हे विचारावे. रसायनाच्या तासाला नत्रचक्र शिकवताना गोठ्यातील माती, सोरा आणि तडा गेलेले पितळ ही तीन उदाहरणे एकत्र ठेवावीत. आणि १७ सप्टेंबरला ध्वजवंदन झाल्यावर गावातल्या जाणत्या माणसांना विचारावे की, त्या वर्षी तुमच्या वाड्यात, आळीत कोणी कोणाला आसरा दिला होता. ही नावे कोणत्याही शस्त्रपरवान्याच्या नोंदवहीत सापडणार नाहीत. ती आता ऐकीव आठवणींतच उरली आहेत, म्हणून विद्यार्थ्यांकडून वहीत उतरवून घेण्याची घाई केली पाहिजे.